दुकानात विकायला कोणता कॅनिस्टर व्हॅक्यूम क्लीनर ठेवावा? नेरळच्या उदाहरणावरून समजून घ्या

शनिवारी सकाळी नेरळमधल्या बऱ्याच घरांची कुलपं आठवड्यानंतर उघडतात. मुंबई-ठाण्याहून आलेल्या मंडळींना आत काय दिसतं? खिडकीच्या फटीतून आलेली धूळ, कोपऱ्यातली कोळ्यांची जाळी, पालीच्या लेंड्या आणि पावसाळ्याच्या तोंडावर दिव्याखाली पडलेला मेलेल्या पाखरांचा सडा. दोन दिवसांच्या सुट्टीतला अर्धा दिवस झाडलोटीत जातो.

मग कुणीतरी बाजारपेठेतल्या इलेक्ट्रिकच्या दुकानात येऊन विचारतं, "व्हॅक्यूम क्लीनर आहे का? स्वस्तातला, पण चांगला हवा."

यातलं 'स्वस्तातला' सोपं आहे. 'चांगला' मात्र दुकानदाराच्या अंगावर येतं. ऑनलाइन घेतलेलं यंत्र बिघडलं तर लोक कंपनीला नावं ठेवतात. दुकानातून घेतलेलं बिघडलं तर यंत्र काउंटरवर येतं आणि नावं दुकानाला ठेवली जातात. छोट्या गावात ही बातमी पसरायला वेळ लागत नाही.

म्हणूनच विक्रीसाठी यंत्र निवडणं आणि स्वतःच्या घरासाठी निवडणं यात फरक आहे. तो काय, ते समजून घेऊया.

कॅनिस्टर म्हणजे नेमकं काय?

मोटर आणि कचऱ्याचा डबा जमिनीवर, चाकांवर. त्याला जोडलेला लवचिक पाइप, पुढे नळी आणि टोकाला ब्रश. ही रचना म्हणजे कॅनिस्टर. सगळं वजन हातात घ्यावं लागत नाही, फक्त नळी फिरवायची. त्यामुळे सोफ्याखाली, पंख्यावर, जिन्यावर आणि गाडीतही पोहोचता येतं.

हवा ओढून धूळ काढायचं यंत्र इंग्लंडच्या ह्युबर्ट सेसिल बूथ यांनी १९०१ मध्ये आणलं. ते इतकं अवजड होतं की घोडागाडीवरून रस्त्यात आणून उभं करायचे आणि लांबलचक पाइप खिडकीतून घरात सोडायचे. १९२१ मध्ये स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्सने जमिनीवरून ओढत नेता येईल असं आडवं मॉडेल काढलं. आजचा कॅनिस्टर त्याच घराण्यातला. भारतात १९८२ मध्ये सुरू झालेल्या युरेका फोर्ब्सने हे यंत्र दारोदार प्रात्यक्षिकं दाखवून मध्यमवर्गाच्या घरात पोहोचवलं. विक्रेत्याने गादीवर ब्रश फिरवून निघालेली धूळ दाखवायची, ही पद्धत अनेकांना आठवत असेल.

त्या पद्धतीत दुकानदारासाठी एक धडा आहे. हे यंत्र खोक्यात बंद राहिलं तर विकलं जात नाही, चालवून दाखवावं लागतं.

आधी ठरवा, गिऱ्हाईक कोण आहे?

नेरळसारख्या ठिकाणी साधारण चार प्रकारचं गिऱ्हाईक येतं आणि प्रत्येकाची धूळ वेगळी असते.

पहिलं, इमारतीतल्या एक-दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहणारं कुटुंब. फरशी टाइल्सची, ती झाडूने निघते. यांना यंत्र हवं असतं ते गादी, सोफा, पंखे, जाळ्या आणि माळ्यासाठी. ठेवायला जागा कमी, म्हणून यंत्र लहान हवं.

दुसरं, सुट्टीपुरतं येणारे बंगलेवाले आणि फार्महाऊसवाले. इथे माती, पाला, मेलेले किडे आणि पावसाळ्यात खिडकीतून आत आलेलं पाणीसुद्धा. यांना ओला-सुका असा दोन्ही कचरा ओढणारं यंत्र लागतं.

तिसरं, माथेरानचे लॉजवाले. डोंगरावरची जांभ्याची लाल धूळ बारीक असते, पायताणाला चिकटून खोलीत येते आणि चादरी-गालिच्यांत बसते. शिवाय माथेरानमध्ये मोटारगाड्यांना बंदी आहे. खालून नेलेलं सामान दस्तुरीच्या पुढे घोड्यावर, हातगाडीवर किंवा माणसाच्या डोक्यावर जातं. तिथे यंत्र पाच किलोचं की दहा किलोचं, याने फरक पडतो. दुरुस्तीसाठी खाली आणायचं तर तोच प्रवास उलटा.

चौथं, कर्जत-नेरळ पट्ट्यातले रिसॉर्ट आणि होम-स्टे. रोज आठ-दहा खोल्या म्हणजे यंत्र रोज दोन-तीन तास चालणार. इथेच मोठा सापळा आहे, त्याबद्दल पुढे बोलू.

जास्त वॉट म्हणजे जास्त ताकद का?

नाही. खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेला वॉटचा आकडा यंत्र किती वीज खातं ते सांगतो. किती धूळ ओढतं, ते सांगत नाही.

धूळ उचलायला दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे ओढ, जी किलोपास्कलमध्ये मोजतात. दुसरी म्हणजे हवेचा प्रवाह, म्हणजे सेकंदाला किती लिटर हवा आत जाते. गंमत अशी की सर्वाधिक ओढ मोजतात ती पाइपचं तोंड पूर्ण बंद करून, तेव्हा प्रवाह शून्य असतो. सर्वाधिक प्रवाह मोजतात तोंड पूर्ण उघडं ठेवून, तेव्हा ओढ जवळपास नसते. प्रत्यक्ष सफाई या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी होते. म्हणून फक्त किलोपास्कलचा आकडा पाहूनही निर्णय घेऊ नका. पाइपचे सांधे सैल असतील, ब्रशची घडण वाईट असेल तर मोटरची ताकद वाटेतच गळते.

युरोपीय संघाने २०१४ मध्ये घरगुती व्हॅक्यूम क्लीनरला १६०० वॉटची मर्यादा घातली आणि २०१७ मध्ये ती ९०० वॉटवर आणली. तिथल्या घरांत गालिचे आपल्यापेक्षा किती तरी जास्त. तरी तिथे ९०० वॉटच्या आतल्या यंत्रांवर काम भागतं. मग नेरळच्या टाइल्सच्या घरात २००० वॉट कशाला, हा प्रश्न दुकानदाराने वितरकाला विचारायला हवा.

प्लगचं गणित विसरू नका

आपल्याकडे घरात दोन प्रकारचे सॉकेट असतात. लहान ६ अँपिअरचा आणि मोठा १६ अँपिअरचा. ६ अँपिअरला २३० व्होल्टने गुणलं की येतात १३८० वॉट. म्हणजे १२००-१३०० वॉटपर्यंतचं यंत्र लहान सॉकेटवर चालतं. १६०० वॉटच्या यंत्राला मोठा सॉकेट हवा.

जुन्या घरात मोठा सॉकेट कुठे असतो? गीझरजवळ, फ्रिजजवळ, एसी असेल तर भिंतीवर उंचावर. हॉलमध्ये बहुतेक नसतोच. यंत्राची वायर चार-पाच मीटरची. मग गिऱ्हाईक काय करतं? प्लग बदलणारा अडॅप्टर लावतं किंवा बारीक वायरचं एक्स्टेंशन बोर्ड. वायर तापते, बोर्ड वितळतो आणि तक्रार येते, "तुमचं यंत्र खराब आहे."

त्यामुळे विकण्याआधी एक प्रश्न विचाराच, "घरात मोठा पॉइंट कुठे आहे?" उत्तर समाधानकारक नसेल तर १२०० वॉटच्या आसपासचं यंत्र द्या. घरगुती इन्व्हर्टरवर हे यंत्र चालणार नाही, हेही तेव्हाच सांगून टाका.

वीजबिलाची भीती मात्र घालू नका. १२०० वॉटचं यंत्र रोज १५ मिनिटं चाललं तर दिवसाला ०.३ युनिट, महिन्याला ९ युनिट.

पिशवी, डबा की ड्रम?

पिशवीवाल्या यंत्रात धूळ कापडी किंवा कागदी पिशवीत जमते. कचरा टाकताना धूळ उडत नाही. पण कागदी पिशव्या सतत घ्याव्या लागतात. त्या नेरळमध्ये मिळणार नसतील तर यंत्र माळ्यावर जातं. धुता येणारी कापडी पिशवी असलेलं मॉडेल इथे सोयीचं.

डब्याच्या यंत्रात हवा गरगर फिरवून धूळ बाजूला पाडतात. पिशवीचा खर्च नाही. पण गाळणी वारंवार झटकावी, धुवावी लागते आणि ती पूर्ण वाळल्याशिवाय बसवायची नाही. पावसाळ्यात इथे कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, तिथे जाड फोमची गाळणी लवकर वाळेल ही अपेक्षा करू नका. सोबत जादा गाळणी विकली तर गिऱ्हाइकाचाही फायदा आणि दुकानाचाही.

ओला-सुका ड्रम पाणीही ओढतो. यामागे एक तांत्रिक फरक आहे. साध्या सुक्या यंत्रात ओढलेली हवाच मोटरवरून जाऊन तिला थंड करते. त्यामुळे गाळणी तुंबली की हवा कमी, मोटर गरम आणि पाणी आत गेलं तर मोटर संपली. ओल्या-सुक्या यंत्रात मोटर थंड करायला वेगळी हवा असते, म्हणून ते जास्त रगडा सोसतं. बदल्यात ते जड असतं आणि आवाजही मोठा करतं.

यंत्र कोणतंही असो, उष्णता वाढली की आपोआप बंद होण्याची सोय त्यात हवीच. ती नसेल तर ते मॉडेल दुकानात घेऊ नका.

'हेपा' लिहिलंय, म्हणजे झालं का?

हेपा ही अतिशय बारीक कण अडवणारी गाळणी. अमेरिकी व्याख्येनुसार तिने ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवायला हवेत. युरोपीय वर्गीकरणात एच-१३ दर्जाला ९९.९५ टक्के. खोक्यावर असा दर्जा किंवा टक्केवारी लिहिलेली नसेल आणि नुसतं 'हेपा टाइप' असेल, तर ती साधी गाळणीही असू शकते.

याचा इथे थेट संबंध आहे तो बुरशीशी. पावसाळ्यात बंद घरात भिंतींवर, गाद्यांवर बुरशी येते. साध्या गाळणीच्या यंत्राने ती ओढली तर बारीक कण मागच्या बाजूने पुन्हा खोलीत फेकले जातात. घरात दम्याचा रुग्ण असेल तर हे नक्की सांगा.

आता खरा प्रश्न : दुरुस्ती कुठे?

यंत्र निवडताना दुकानदार आधी किंमत पाहतो, मग वॉट, मग रंगरूप. ही यादी उलटी करा. सुरुवात पिनकोडपासून करा.

कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा ग्राहक सेवा क्रमांकावर नेरळचा ४१०१०१ हा पिनकोड द्या. माथेरानच्या गिऱ्हाइकासाठी ४१०१०२, कर्जतसाठी ४१०२०१. मग तीन गोष्टी विचारा. माणूस घरी येतो का? येत नसेल तर यंत्र कुठे न्यायचं? आणि सुट्टे भाग किती दिवसांत मिळतात? 'घरपोच सेवा' असं खोक्यावर छापलेलं असेल आणि फोनवर 'कल्याणला आणून द्या' असं उत्तर आलं, तर खोक्यावर विसंबू नका.

या यंत्रात सहसा काय जातं, तेही ठरलेलं आहे. पाइप वाकून वाकून जोडापाशी चिरतो. गाळणी फाटते. चाक तुटतं. वायर गुंडाळणारी स्प्रिंग अडकते. मोटरमधले कार्बन ब्रश झिजतात. यातली बहुतेक कामं गावातला मोटर-मिक्सर दुरुस्त करणारा मेकॅनिकही करू शकतो, पण भाग मिळाला तर! म्हणून वितरकाकडून पाइप, गाळणी, ब्रश आणि कार्बन ब्रश यांचे दर लेखी घ्या. पाइपची किंमत यंत्राच्या किमतीच्या जवळ जात असेल तर त्या मॉडेलला तिथेच नकार द्या.

नफ्याचं साधं गणित

समजा, यंत्र दुकानाला ३,६०० रुपयांना पडलं आणि ४,२०० ला विकलं. वर राहिले ६०० रुपये. व्हॅक्यूम क्लीनरवर १८ टक्के जीएसटी आहे, त्यामुळे या फरकातूनही साधारण ९२ रुपये कराचे जातात. खिशात उरतात ५०८ च्या आसपास.

आता एक यंत्र आठवड्यात बंद पडलं, वितरकाने हात वर केले आणि गिऱ्हाइकाशी संबंध टिकवायला तुम्ही पैसे परत दिले. एका यंत्राच्या बुडीत खरेदीत सहा-सात यंत्रांचा नफा गेला. फेऱ्या मारण्यात गेलेला वेळ वेगळाच.

याचा अर्थ काय? ३०० रुपये महाग मिळणारं, पण बदलून देण्याची लेखी हमी असलेलं यंत्र दुकानदाराला स्वस्त पडतं. मुंबईच्या लोहार चाळीतून रोखीने उचललेला बिननावाचा माल बिलावर स्वस्त दिसतो, पण त्याची हमी तुम्ही स्वतःच असता.

कायदा दुकानदाराबद्दल काय म्हणतो?

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा जुलै २०२० पासून लागू झाला. सदोष वस्तूमुळे इजा किंवा नुकसान झालं तर त्याची जबाबदारी कुणाची, हे त्यात सांगितलं आहे. कलम ८६ विक्रेत्याबद्दल आहे. उत्पादक कोण हेच माहीत नसेल, विक्रेत्याने वस्तूत बदल केला असेल, उत्पादकाच्या हमीपलीकडे स्वतःची वेगळी हमी दिली असेल, किंवा वस्तू तपासण्यात, जोडण्यात आणि धोक्याच्या सूचना पुढे पोहोचवण्यात हयगय केली असेल, तर जबाबदारी विक्रेत्यावर येऊ शकते.

म्हणजे "घेऊन जा हो, दोन वर्षं काही होत नाही, झालं तर मी आहे" हे वाक्य फक्त आपुलकीचं राहत नाही. बिलावर लिहून दिलंत तर तर नक्कीच नाही.

खरेदीच्या वेळी एवढं पाहा :

- खोक्यावर उत्पादकाचं किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, कमाल किरकोळ किंमत, उत्पादनाचा महिना-वर्ष आणि तक्रारीसाठी संपर्क आहे ना? आयात माल असेल तर कोणत्या देशातला तेही हवं.
- बीआयएसचा शिक्का असेल तर त्याखालचा परवाना क्रमांक 'बीआयएस केअर' अ‍ॅपवर टाकून खरा आहे का ते बघा. घरगुती विद्युत उपकरणांच्या सुरक्षिततेसाठी आयएस ३०२ ही मानकमालिका आहे.
- वॉरंटी कार्डवर 'फक्त घरगुती वापरासाठी' असं लिहिलं आहे का?

शेवटचा मुद्दा म्हणजे मघाशी उल्लेख केलेला सापळा. बहुतेक घरगुती यंत्रांची वॉरंटी व्यावसायिक वापराला लागू होत नाही. रिसॉर्टवाल्याने एकदम चार यंत्रं मागितली की आनंद होतो. पण रोज तीन तास चालणारं घरगुती यंत्र काही महिन्यांत थकलं आणि कंपनीने वॉरंटी नाकारली, तर चारही यंत्रं तुमच्या दारात येतील. अशा गिऱ्हाइकाला व्यावसायिक वापरासाठी बनवलेलंच मॉडेल ऑर्डरवर मागवून द्या. ते महाग असेल. परवडत नसेल तर विक्री सोडून द्या.

दुकानातच करता येईल अशी चाचणी

लॉट उचलण्याआधी एक नग घ्या आणि पुढचं करून पाहा. लागणारं सामान : वजनकाटा, पाव किलो रवा, मूठभर वाळलेली लाल माती, जुनी सतरंजी आणि मोबाइलमधलं घड्याळ.

१. १०० ग्रॅम रवा टाइल्सवर, सांध्यांत पसरा. एक मिनिट यंत्र फिरवा. यंत्राचं आधीचं आणि नंतरचं वजन पाहा किंवा डब्यातला रवा मोजा.

२. हेच सतरंजीवर लाल माती घेऊन करा. खरा फरक इथे दिसतो.

३. डबा अर्धा भरलेला असताना पुन्हा रवा ओढा. काही यंत्रं रिकामी असतानाच जोमात असतात.

४. सलग २० मिनिटं चालवा. वायर आणि प्लग हाताला कोमट लागले तर चालेल, चटका बसला तर नको. जळका वास आला तर चाचणी तिथेच थांबवा.

५. मागून बाहेर पडणाऱ्या हवेसमोर ओला पांढरा रुमाल धरा. त्यावर मातीचा डाग उमटला तर गाळणी नीट बसत नाही.

६. पाइप धरून यंत्र ओढा, जिन्याच्या दोन पायऱ्या चढवा. जोड निसटतो का, चाक अडकतं का, बघा.

७. घरातल्या साठीच्या माणसाला डबा उघडून रिकामा करायला सांगा. त्यांना न सांगता जमलं, तर गिऱ्हाइकालाही जमेल.

हा नग नंतर विकू नका. तोच प्रात्यक्षिकाचा नग म्हणून काउंटरजवळ राहू द्या.

मग शेवटी ठेवायचं काय?

सुरुवातीला दोनच मॉडेल पुरेत. फ्लॅटसाठी १२०० वॉटच्या आसपासचा, पाच किलोच्या आतला, धुता येणाऱ्या पिशवीचा सुका कॅनिस्टर. फार्महाऊस आणि बंगल्यांसाठी दहा-पंधरा लिटरचा ओला-सुका ड्रम. माथेरानला पहिलाच सुचवा, वजनामुळे. प्रत्येकी दोन-तीन नग आणि सोबत गाळण्या, पिशव्या, एक-दोन पाइप. पाच वेगवेगळ्या कंपन्यांचे पाच नग ठेवण्यापेक्षा एका कंपनीचे दोन मॉडेल आणि त्यांचे सुट्टे भाग ठेवणं शहाणपणाचं.

माल भरायचा तो पावसाळा संपत आला की. दसरा-दिवाळीच्या आधी घरं झाडायला निघतात आणि चार महिने बंद राहिलेल्या बंगल्यांची कुलपंही तेव्हाच उघडतात.

विकताना गिऱ्हाइकाला या पाच गोष्टी सांगाच

- नवीन फ्लॅटमधली सिमेंट, पीओपी किंवा घासकामाची धूळ घरगुती यंत्राने ओढू नका. ती गाळणी बुजवते आणि मोटरपर्यंत जाते.
- धुमसणारी राख, अगरबत्तीचं जळतं टोक, काडी कधीच ओढू नका.
- सुक्या यंत्राने ओली फरशी साफ करू नका.
- पाणी ओढण्याआधी ड्रममधली सुकी गाळणी पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे बदला.
- ओढ कमी वाटली तर आधी गाळणी आणि पाइप तपासा. बऱ्याचदा आत मोजा किंवा पाला अडकलेला असतो.

बिल देताना यंत्राचा अनुक्रमांक बिलावर लिहा, वॉरंटी कार्डावर तारीख आणि शिक्का मारा, दोन्हींचा फोटो काढून ठेवा. गिऱ्हाइकाची तक्रार कंपनी ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक त्यांना द्या. तक्रारीच्या वेळी दुकानदार आपल्या बाजूला उभा राहिला हे गिऱ्हाईक लक्षात ठेवतं आणि पुढचा मिक्सर, पुढचा पंखा घ्यायला त्याच दुकानात येतं.